बाबांनी लाईटबिलवाली फाईल उघडली, पैसे अजून गेले नाहीत, आता काय करू?

मनीषनगरकर
अर्जंट आहे म्हणून इथं टाकून राहिलो. तासाभरापूर्वी बाबांना व्हॉट्सअपवर मेसेज आला, मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईन कापतो, खाली 'अधिकाऱ्या'चा मोबाईल नंबर. बाबा रिटायर्ड माणूस, तारखेच्या आधी बिल भरणारे, पावती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली, तरी घाबरले न! फोन लावला तर समोरचा एकदम गोड, काका काका करून राहिला, म्हणे फक्त १० रुपये भरा म्हणजे नाव क्लिअर होते, आणि एक फाईल पाठवली. नाव लाईटबिल अपडेट, शेवटी डॉट एपीके, म्हणजे ॲप टाकायची फाईल. बाबांनी ती टाकली, जे विचारलं त्याला अलाऊ अलाऊ दाबत गेले, मग कार्डचा नंबर मागितला तेव्हा चष्मा शोधायला उठले आणि तेवढ्यात मी घरी आलो. आता ते ॲप फोनमध्ये दिसूनच नाही राहिलं. खात्यातून काही गेलं नाही. मग टेन्शन घ्यायचं की नाही?

तर्रीपोहे
घ्या टेन्शन. दिसत नाही म्हणजे गेलं असं नाही भाऊ, ती ॲपं चित्र लपवूनच बसतात आणि येणारे सगळे एसएमएस तिकडे पाठवतात, म्हणजे ओटीपी तुमच्या बाबांच्या आधी त्याच्या हातात. मी बँकेतच आहे, अशा केसेस काउंटरवर येतात, रात्री अकराला फाईल टाकली आणि पैसे गेले पहाटे, घरातले सगळे झोपले असताना.
हे वाचता वाचता फोन फ्लाईट मोडवर टाका, वायफायही बंद. सिम काढून घरात एखादा जुना बटणवाला फोन असेल त्यात घाला, म्हणजे ओटीपी चोराकडे जाणं थांबते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कॉल करून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग सगळं ब्लॉक करा, नंबर कार्डाच्या मागचाच घ्या, गूगलवर शोधू नका, तिथंही यांचेच नंबर पेरलेले असतात. तक्रार नंबर आणि वेळ लिहून ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण आरबीआयच्या २०१७ च्या नियमात ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाते ते बँकेच्या डोक्यावर.
फोन शेवटी फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा, फोटो आधी काढून घ्या. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, त्याच फोनवर बदलले तर काय फायदा.

मनीषनगरकर
सिम काढलं. बँकेचा कॉल होल्डवर आहे, म्युझिक ऐकून राहिलो. १९३० ला, म्हणजे त्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावू का? पैसे तर गेले नाहीत.

इतवारीचा_पोट्टा
पैसे गेले की १९३०, एक मिनिट न थांबता, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आला तरच अडवता येते. नाही लागला तर लावत राहा आणि सोबत सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका. नुसता कॉल-मेसेज आला, पैसे वाचले, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथं तो नंबर कळवा.
आणि काकांना एक सांगा, लाईन अशी रात्री साडेनऊला कापताच येत नाही. २००३ च्या वीज कायद्यात कलम ५६ आहे, थकबाकी असली तरी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. माझ्या दुकानात तोच मेसेज आला तेव्हा मी त्याला म्हटलं काप बे, तसंही उन्हाळ्यात तूच कुठं देतो. त्यानं शिवी देऊन फोन ठेवला.

कल्याणी_प्रतापनगर
काकांना रागावू नका प्लीज. माझ्या मावशीला मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' केलं होतं, खाकी घातलेला माणूस, मागे झेंडा, म्हणे तुमच्या आधारवर पार्सल सापडलं, कोणाला सांगाल तर त्यांनाही अटक. मावशी चार तास खुर्चीवरून उठली नाही, स्वतः शिक्षिका होती बरं का! दूधवाल्यानं बेल वाजवली तर आतून म्हणते, मला अटक झाली आहे, दूध बाहेरच ठेव. तो हुशार, शेजारच्या काकूंना घेऊन आला, काकूंनी लॅपटॉपच बंद केला. असली अटक आपल्या कायद्यात कुठंच नाही हे मावशीला आता कळते, पण दार वाजलं की अजून दचकते.
ईमेलचंही सांगते, मला इन्कम टॅक्स रिफंडचा मेल आला होता, नाव बरोबर, लोगो बरोबर, पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं तर मागे भलताच पत्ता. सरकारी डॉट जीओव्ही डॉट इन नावालाही नव्हतं.

मनीषनगरकर
अपडेट. बँकेनं सगळं ब्लॉक केलं, आणि त्यांनी सांगितलं की संध्याकाळी ७.५० ला दोनदा लॉगिनचा प्रयत्न झाला होता, म्हणजे बाबा चष्मा शोधत होते तेव्हाच. चष्मा डोक्यावरच होता. साडेनऊ वाजून गेले, लाईट सुरू आहे, बाबा दर पाच मिनिटांनी पंख्याकडे पाहून राहिले. तर्रीपोहे भाऊ, व्हॉट्सअपचं काय करू, लिंक्ड डिव्हाइसमध्ये कोणतातरी विंडोज कॉम्प्युटर दाखवते, आमच्याकडे तर कॉम्प्युटरच नाही.

तर्रीपोहे
तोच आहे तो. लगेच लॉगआउट करा, टू-स्टेप पिन टाका, आणि बाबांच्या सगळ्या ग्रुपवर तुमच्या नंबरवरून मेसेज टाका की बाबांच्या नावानं कोणी पैसे मागितले किंवा लग्नपत्रिका म्हणून तसलीच फाईल पाठवली तर उघडू नका.