तापातली रात्र

तापात रात्र सरता सरत नाही ती निव्वळ कंटाळ्याने, असं म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. हडसन होगलंड या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाची पत्नी फ्लूने फणफणली होती. तो जरासा बाहेर जाऊन आला, तर तिला वाटलं, किती वेळ गेला होता हा! मग त्याने तिला सेकंदाला एक अशा गतीने साठ आकडे मोजायला लावले. ताप जितका चढलेला, तितकी मोजणी भरभर. मिनिट भरायच्या आतच तिचे साठ संपत. हे त्याने १९३३ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे आतलं घड्याळ पळत असतं, म्हणून भिंतीवरचं रेंगाळल्यासारखं वाटतं.

गारठ्यात उलटं होतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली यांच्या १९६६ च्या प्रयोगात थंडगार समुद्रात बुडी मारून वर आलेल्या माणसांची सेकंदांची मोजणी मंदावली होती.

आई तापात होती तेव्हा दर दहा मिनिटांनी विचारायची, "उजाडलं का गं?" मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "आत्ताच तर सांगितलं!" तिच्यासाठी ते 'आत्ताच' नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.