भाच्याची बॅट चालते, पण शॉर्टस्टॉपला बॉल हातातनं सुटतोय. जागा बदलावी काय?

अनगोळचा_मामा:
मंडळी नमस्कार. आपल्या बेळगावात बेसबॉल खेळणारी पोरं मोजकी आणि त्यातलं कळणारी माणसं त्याहून मोजकी, म्हणून इथं विचारायलोय, जरा सविस्तर सांगतो.

माझा भाचा, सोळा पूर्ण झालीत. गल्लीत टेनिस बॉलनं क्रिकेट, मग शाळेतल्या सरांनी सॉफ्टबॉलला घेतलं आणि तिथनं बेसबॉल. बॅटिंग म्हणाल तर पोरगं खरंच वेगळं हाय, मामा हाय म्हणून सांगत नाही. लांब मारतोय ते सोडा, लांब मारणारी बरीच असतात. हा बॉल सोडतो. बाहेरचा, खालचा, न हलता सोडतो आणि वॉक (चार खराब बॉल सोडले की फुकट मिळणारा फर्स्ट बेस) घेऊन फर्स्टला जाऊन उभारतो. दोन स्ट्राइक पडल्या (तिसऱ्याला आउट) की बॅट दोन बोटं वर धरतो. कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल आला तर पुढचा खांदा उघडत नाही, थांबतो आणि सेकंड बेसवाल्याच्या डोक्यावरनं राइटला ढकलतो. आमच्या इकडची क्रिकेटातनं आलेली पोरं सगळे बॉल मिडविकेटला ओढायला बघतात, हा तसं करत नाही, आणि हे त्याला कुणी शिकवलेलं पण नाही.

पण शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेला उभारला की बघवत नाही ओ. अंगावर आलेला सरळ ग्राउंडर (जमिनीवरनं येणारा बॉल) कधी पायातनं जातोय, कधी धरला तर ग्लोव्हमधनं काढताना चाचपडतोय, आणि मग उशीर झाला म्हणून घाईत फेकला की फर्स्टवाल्याच्या डोक्यावरनं. परवाच्या मॅचला शेवटच्या इनिंगला दोन आउट असताना तसाच एक गेला, दोन रन आले, मॅच गेली. पिचिंग करणारा पोरगा त्याचा जिवाभावाचा दोस्त, त्यानं तोंडातनं शब्द काढला नाही आणि तेच याला जास्त लागलं.

पुढच्या महिन्यात निवड चाचणी हाय. सर म्हणालेत लेफ्ट फील्डला, लांब बाहेर डावीकडं घालूया, बॅटवर निवड होऊन जाईल. हा म्हणतोय मी शॉर्टस्टॉपच खेळणार. बहीण मला विचारायली, तूच काय ते ठरव म्हणून. एवढी बॅट असताना हाताची ढिलाई किती चालवून घ्यायची?

कॅम्पातला_कॅचर:
सरांचं ऐका अण्णा. प्लेटमागं बसून मी हे खूप बघितलंय. शॉर्टस्टॉपला एक सुटला की नुसता रनर फर्स्टला जात नाही, पिचरला त्या इनिंगमध्ये चौथा आउट काढावा लागतो, म्हणजे आणखी पाच-सहा पिच (टाकायचे बॉल), कधी दहा. सोळा वर्षाच्या खांद्याला त्या फुकटच्या पिच महागात पडतात. तुमच्या भाच्याचं आपण सगळे बोलायलोय, त्या पिचर पोराचं पण कुणीतरी बोलायला पाहिजे न्हवं?

रायन ब्रॉनचं बघा, अमेरिकेतल्या मिलवॉकी ब्रूअर्स क्लबचा. २००७ ला वरच्या लीगला आला, .३२४ ॲव्हरेज (शंभरात बत्तीस वेळा हिट), ३४ होम रन, नॅशनल लीगचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे नव्या खेळाडूंत पहिला. आणि त्याच सीझनला थर्ड बेसवर २६ एरर (फील्डरच्या चुका), फील्डिंग पर्सेंटेज .८९५, म्हणजे दहा चान्सला एक हातातनं जायचा. क्लबनं वाट बघत बसलं नाही, २००८ ला उचलून लेफ्टला टाकलं, तर अख्ख्या सीझनला एक एरर नाही. २०११ ला एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. (२०१३ ला औषधाच्या प्रकरणात त्याच्यावर बंदी आली ते वेगळं, त्याचा फील्डिंगशी संबंध नाही.) बॅट खरी असली की तिला जागा सापडते. उगच शॉर्टस्टॉपच्या हट्टापायी निवड घालवू नका.

येळ्ळूरची_ताई:
दादा, जागा नंतर ठरवा, आधी एरर कुठल्या जातीचा हाय ते बघा. मी सॉफ्टबॉलला थर्ड बेस खेळायचे, आता शाळेतल्या पोरींना शिकवते. तुम्ही लिहिलंय त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात.

पायातनं जातो तो हाताचा दोष नसतो, पायाचा असतो. पिचरच्या हातातनं बॉल सुटतो त्या क्षणाला भाच्याच्या टाचा बघा. टाचांवर वजन असलं तर मेला तो, बॉल बॅटला लागल्यावर त्याला आधी पुढं यायला लागणार आणि मग हलायला. बॉल प्लेटवर पोचायच्या वेळी एक बारीक उडी, चवड्यांवर. आणि ग्लोव्ह वरनं खाली येतोय का खालनं वर? खालनं वर यायला पाहिजे, बोटं मातीला टेकलेली. जमिनीवरनं वर उचलायला वेळ मिळतो, वरनं खाली जायला मिळत नाही.

फेकी वर जाते म्हणजे मागच्या पायावरनं फेकतोय. धरला की उजवा पाय, डावा पाय, डावा खांदा फर्स्टकडं, मग फेक. घाई पायानं करायची, हातानं नाही. उजव्या हाताचा साधारण बॅटर फर्स्टला ४.३ सेकंदात पोचतो, तेवढ्यात दोन पावलं टाकून फेकायला वेळ असतो, पोरांना तो वेळ आहे हेच माहीत नसतं.

आणि तिसरं, चाचपडतो म्हणालात ते. ग्लोव्ह कसला वापरतोय? साइझ बघा, करंगळीच्या बाजूला किंवा तळव्यावर छापलेला असतो. शॉर्टस्टॉपला ११.२५ ते ११.७५ इंचाचा लागतो, खिसा उथळ, म्हणजे बॉल लगेच हाताला येतो. आपल्या इकडं पोरांकडं बहुतेक मोठ्या भावाचा नाहीतर क्लबातल्या पेटीतला असतो, तो आउटफिल्डचा निघतो, खोल खिशाचा. त्यात बॉल शोधत बसावं लागतं.

अजून एक. आपल्या ग्राउंडचा मुरूम तुम्हाला माहीत हाय. पाऊस पडून वरची माती वाहून गेली की बारीक खडी वर येते, आणि तिला लागून बॉल कुठं उसळेल सांगता येत नाही. तसला सुटलेला बॉल नियमानं एरर धरतच नाहीत, हिट देतात. साधारण प्रयत्नात धरता आला असता तरच एरर. आमच्याकडं स्कोअरबुक लिहिणारा सगळंच एरर म्हणून लिहितो आणि पोराच्या डोक्यावर बसतं.

डेरेक जीटर १९९३ ला खालच्या लीगमध्ये ग्रीन्सबरोला खेळत होता तेव्हा त्यानं एका सीझनला ५६ एरर केले. ५६! न्यूयॉर्कच्या यँकीज क्लबनं १९९२ च्या ड्राफ्टला (नवी पोरं निवडतात ती) सहाव्या नंबरवर घेतलेला पोरगा, आणि तेव्हा पण लोक म्हणायचे याला सेंटर फील्डला घाला. त्यानंतर सीझन संपल्यावर ब्रायन बटरफिल्ड म्हणून कोच होते, त्यांच्याबरोबर रोज नुसती फील्डिंग केली, हाताला लागल्यामुळं बॅट धरायची सोय नव्हती. १९९६ ला यँकीजचा शॉर्टस्टॉप, रुकी ऑफ द इयर. शेवटपर्यंत शॉर्टस्टॉपच खेळला. सोळाव्या वर्षी पोराला हलवायची घाई कशाला?

खानापूर_ते_पुणे:
ताई, जीटरचं उदाहरण बरोबर आहे पण अर्धं आहे. त्याचे एरर कमी झाले, पाच गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फील्डिंगचं बक्षीस) मिळाले, तरी नंतर जे फील्डिंगचे नवीन हिशोब आले त्यात तो शॉर्टस्टॉप म्हणून सतत मागंच दिसतो, कारण बाजूचा बॉल त्याच्यापर्यंत यायचाच नाही. जिथं पोचलाच नाही तिथं एरर पण नाही. २००४ ला ॲलेक्स रॉड्रिगेझ यँकीजला आला, त्याच्याकडं आधीच शॉर्टस्टॉपचे दोन गोल्ड ग्लोव्ह होते, आणि थर्डला तो गेला, जीटर नाही. म्हणून मामा, मला एरर किती यापेक्षा दुसरंच विचारायचंय. बाजूला गेलेल्या बॉलपर्यंत पोरगा पोचतो का? थर्ड आणि शॉर्टच्या मधल्या भोकात, सेकंड बेसच्या मागं?

हे विचारायचं कारण असं की हात शिकवता येतात, पहिलं पाऊल शिकवता येत नाही, निदान फारसं नाही. आणि दुसरं, बॅटची किंमत जागेवर ठरते. शॉर्टस्टॉपला बरी बॅट असली तरी सोनं, कारण ती जागा सांभाळणारे मुळात कमी. तीच बॅट लेफ्टला किंवा फर्स्टला नेली की तिथं सगळेच मारणारे असतात, तिथं नुसतं बरं मारून भागत नाही. शॉर्ट, सेकंड, सेंटर, मग थर्ड, मग राइट-लेफ्ट, शेवटी फर्स्ट अशी ती उतरंड आहे आणि माणूस तिच्यात वरून खाली येतो, खालून वर जाणारे फार थोडे. आज लेफ्टला गेलेला पोरगा दोन वर्षांनी परत शॉर्टस्टॉपला येईल याची आशा ठेवू नका. कॅचरभाऊ ब्रॉनचं म्हणतात, पण ब्रॉन २००७ ला तेवीस वर्षांचा होता, कॉलेज करून आलेला. सोळाला आणि तेवीसला एकच माप लावता येत नाही.

अनगोळचा_मामा:
सगळ्यांचे आभार, एवढं लिहिलंत. खानापूरकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देताना मलाच बरं वाटायलंय. बाजूचा बॉल तो गाठतो. सेकंडच्या मागं जाऊन उलट्या हातानं धरलेला मी डोळ्यानं बघितलाय, बाकीची पोरं तिथं पोचायची पण नाहीत. सुटतोय तो सरळचा, हळू आलेला, विचार करायला वेळ मिळतो तो. हात पण लांब आहे, भोकातनं फर्स्टला एका टप्प्याशिवाय जातो, फक्त कुठं जाईल ते सांगता येत नाही.

ताई, टाचांचं आज संध्याकाळी व्हिडिओ काढून बघतो. ग्लोव्ह क्लबाच्या पेटीतलाच हाय.

पण चाचणी पुढच्या महिन्यात हाय हो. आणि लेफ्टचं नाव काढलं की हा गप्प होतो, ताटावरनं उठतो. त्याला वाटतं लेफ्ट म्हणजे शिक्षा.

कॅम्पातला_कॅचर:
सरळचा सुटतो आणि बाजूचा धरतो? मग माझं म्हणणं थोडं मागं घेतो, हा पोरगा अंगचा शॉर्टस्टॉप हाय, डोक्यात गोंधळ हाय. पण चाचणीला तो गोंधळ बाहेर पडला तर निवडणारे एवढं खोलात कशाला बघतील, ते तासाभरात पन्नास पोरं बघणार.

शिक्षेचं म्हणाल तर त्याला अल्फोन्सो सोरियानोचं सांगा. यँकीजचा, मग टेक्सासचा सेकंड बेस, नावाजलेला. २००६ ला वॉशिंग्टनला गेला, त्यांनी लेफ्ट फील्ड सांगितलं, तर मार्चमधल्या सराव मॅचला गडी मैदानातच उतरला नाही, एवढा राग. नंतर गेला. त्या सीझनला ४६ होम रन, ४१ स्टील (चोरून गाठलेले बेस), आणि लेफ्टवरनं फेकून २२ रनर आउट केले. फर्नांडो टाटिसचं तर ताजं हाय, २०२१ ला शॉर्टस्टॉप असताना ४२ होम रन मारून नॅशनल लीगमध्ये पहिला, २०२३ ला राइटला गेला आणि पहिल्याच वर्षी गोल्ड ग्लोव्ह, वर प्लॅटिनम ग्लोव्ह, म्हणजे लीगमधला सगळ्यात चांगला फील्डर. यात शिक्षा कुठं हाय?

आपल्या घरचं सांगायचं तर द्रविड. २००३ च्या वर्ल्ड कपला टीमला एक बॅट्समन जास्त पाहिजे होता म्हणून ग्लोव्ह घालून मागं उभा राहिला. तो काय कीपर होता काय? त्याला कुणी कमी लेखलं नाही.

येळ्ळूरची_ताई:
कॅचरदादा, सोरियानो आणि टाटिस मोठे होऊन हलले, पगार घेऊन. हा अजून मिशी न फुटलेला पोरगा. त्याला "तू इथं चालत नाहीस" असं ऐकू येतं, आपण काहीही म्हटलं तरी. म्हणून सांगताना असं सांगा की निवडीला लेफ्ट, सरावाला शॉर्टस्टॉप, दोन्ही. आणि ते खरं करून दाखवा, नुसतं समजूत काढायला सांगू नका, पोरांना लगेच कळतं.

महिन्याभरात जमेल ते एवढंच. रोज शाळेच्या भिंतीवर टेनिस बॉल, ग्लोव्ह न घालता, दोन्ही गुडघे टेकून, दोन हातांनी पुढं धरायचा. गुडघे टेकले की पाय पळून जात नाहीत आणि हात आपोआप पुढं येतात. पाऊस असला तरी व्हरांड्यात होतं. मग उभं राहून तेच, धरला की उजवा-डावा, पण फेकायचं नाही, फक्त बॉल कानापाशी आणून थांबायचं. फेक शेवटच्या आठवड्यात. आणि तुम्ही त्याला बॉल मारताना जोरात मारू नका मामा, हळू मारा, त्याला हळूचाच त्रास हाय. हळू बॉलला पुढं पळत यायला शिकला पाहिजे, तो जागेवर उभारून वाट बघतो, म्हणून तो शेवटचा वाईट टप्पा त्याच्या वाट्याला येतो.

खानापूर_ते_पुणे:
ताईंशी पूर्ण सहमत. मी असतो तर फॉर्मवर दोन्ही जागा लिहिल्या असत्या, लेफ्ट आधी. चाचणीत त्याची बॅट दिसू दे, वॉक घेतलेला दिसू दे. आणि क्लबात निदान वर्षभर शॉर्टस्टॉपवरून हलवू नका. वर्षानं सरळचा बॉल धरायला लागला तर प्रश्न मिटला. नाहीच लागला तर थर्डला न्या, हात लांब आहे म्हणताय, तिथं बॉल एवढा वेगानं येतो की विचार करायला वेळच नसतो आणि याला विचारच नडतोय. लेफ्ट त्यानंतर. आणि त्या पिचर मित्राला भिंतीच्या सरावाला बरोबर घ्या, फर्स्टला उभा करा त्याला.

अनगोळचा_मामा:
व्हिडिओ बघितला. टाचांवरच हाय, अगदी पिच पडेपर्यंत, आणि एका हळू बॉलला तर हात गुडघ्यावर. त्याला पण दाखवला, दोनदा मागं घेऊन बघितला त्यानं, मग स्वतःच अंगणात ती बारीक उडी करत बसलाय. लेफ्ट-शॉर्टचं ताईंनी सांगितलं तसं सांगितलं, "क्लबात शॉर्टस्टॉप नक्की न्हवं?" एवढंच विचारलं. सरांशी बोललोय, ते तयार हायत.

ग्लोव्हवर करंगळीजवळ १२.५ छापलंय. बेळगावात ११.५ चा कुठं मिळेल? दुकानात विचारलं तर क्रिकेटचे कीपिंग ग्लोव्ह दाखवतात. ऑनलाइन मागवला तरी नवीन कातडं कडक असतंय, महिन्यात मऊ होईल काय?

येळ्ळूरची_ताई:
नवीन नको. माझा ११.५ चा पडून हाय, मऊ झालेला, सॉफ्टबॉल धरून खिसा थोडा रुंद झालाय पण लेस आवळली की बसेल. शनिवारी सकाळी पोरींचा सराव असतो, भाच्याला घेऊन या, आणि तो पिचर पोरगा पण येऊ दे.