बेळगाव : डक्टेड एसीचा वारा दुपारनंतर मंदावतो, गॅस भरणे हाच उपाय आहे का?

प्रश्न (हिंदवाडी, बेळगाव)

नमस्कार. आमच्या घरी तळमजल्यासाठी 3 टनांचा डक्टेड एसी आहे. यंत्र मधल्या पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेले असून हॉल, जेवणाची खोली आणि दोन बेडरूम अशा चार ठिकाणी जाळ्यांतून वारा येतो. बेळगावच्या हवेत एसी कशाला, असे पुष्कळांना वाटेल. पण सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि उन्हाळ्यात रस्त्यावरची तांबडी धूळ घरात येऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवाव्या लागतात.

यंदा एप्रिलपासून असे होते की सकाळी सुरू केल्यावर वारा बरा येतो, परंतु दोन-तीन तासांनी चारही जाळ्यांतला झोत इतका कमी होतो की हात अगदी जवळ नेल्याशिवाय जाणवत नाही. रात्रभर बंद ठेवला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठीक. फिल्टर मी दर महिन्याला स्वतः धुते. मेकॅनिकने गेज (गॅसचा दाब मोजणारे उपकरण) लावून गॅस कमी असल्याचे सांगितले. गेल्या वर्षीही त्यांनी गॅस भरला होता आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच सुरू झाले होते. वारा कमी येण्याचा गॅसशी खरोखर संबंध असतो का? पुन्हा खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल?

उत्तर (शहापूर, बेळगाव)

ताई, उद्यमबागेतील एका कारखान्यात एसी आणि चिलरच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. सकाळी बरा, दुपारी मंद आणि रात्रीच्या विश्रांतीनंतर पुन्हा बरा, हे आतल्या कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या, पातळ पाती लावलेल्या नळ्यांवर) बर्फ धरत असल्याचे लक्षण आहे. बर्फाने कॉइलच्या पात्यांमधल्या फटी बुजतात, ब्लोअर म्हणजे आतला पंखा फिरत राहतो, पण वाऱ्याला वाटच राहत नाही.

बर्फ दोन कारणांनी धरतो आणि घोळ इथेच होतो. गॅस कमी असेल तर कॉइलमधला दाब उतरतो, तापमान शून्याखाली जाते आणि हवेतला ओलावा गोठतो. परंतु गॅस पुरेसा असूनही कॉइलवरून वाराच कमी जात असेल, तर कॉइलला हवी तेवढी उष्णता मिळत नाही आणि दाब तसाच उतरतो. गेजचा काटा दोन्ही वेळा कमीच दाखवतो. म्हणून वारा न तपासता केवळ गेज पाहून गॅस भरणे मला मान्य नाही. कारण मुळात वाऱ्याचे असेल, तर भरलेला गॅस जास्त होतो आणि कॉइलमध्ये न उकळलेला द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरकडे (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाकडे) परत जाऊन तो निकामी होण्याची भीती असते.

प्रथम कॉम्प्रेसर बंद ठेवून फक्त पंखा तीन-चार तास चालवा, म्हणजे बर्फ वितळेल. त्या वेळी खालच्या ट्रेमध्ये पाणी बरेच साचते. निचऱ्याची नळी तुंबलेली असेल तर ते फॉल्स सीलिंगवर उतरेल, तेवढे लक्ष ठेवा. त्यानंतर एसी सुरू करून पंधरा-वीस मिनिटांनी रिटर्नच्या जाळीपाशी (जिथून खोलीतली हवा यंत्रात परत ओढली जाते) आणि यंत्राजवळच्या खोलीतल्या जाळीपाशी साध्या थर्मामीटरने तापमान घ्या. फरक साधारण 8 ते 11 अंश सेल्सिअस असावा. तो 14-15 अंशांच्या वर गेला, तर वारा कमी पडतो आहे असे धरून चाला. 5-6 अंशांवरच अडकला, तर गॅसची शंका घ्यायला जागा आहे. हवा फार दमट असेल तर फरक थोडा कमी येतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

फिल्टर स्वच्छ आहे म्हणून कॉइल स्वच्छ असेल असे नाही. फिल्टर चौकटीत सैल बसला की हवा कडेच्या फटीतून जाते आणि धूळ थेट कॉइलवर व ब्लोअरच्या पात्यांवर बसते. ही पाती आतून वाकडी असतात; त्या बाकात धुळीचा पातळ थर भरला तरी ब्लोअर हवा नीट ओढत नाही. 3 टनांना मिनिटाला साधारण 1200 घनफूट हवा लागते, ती अशाने कितीतरी खाली येते. रिटर्नची जाळी देवघर किंवा स्वयंपाकघराजवळ आहे का, तेही पाहा. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची तेलकट वाफ यांमुळे धूळ चिकटून बसते. ब्लोअरचा वेग कमी वाटला तर कपॅसिटर (ब्लोअरच्या मोटरला जोडलेला विजेचा भाग) मीटरने मोजून घ्यावा, पण ते काम जाणकारानेच, मुख्य स्विच बंद करून करावे.

उत्तर (निपाणी)

आमच्याकडे तंबाखूच्या हंगामात बारीक धूळ असते, त्यामुळे आम्ही फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुतो. एक गोष्ट सुचवावीशी वाटते : वापरात नसलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद केल्या असतील तर उघडा. इतर खोल्यांत वारा वाढेल म्हणून आम्हीही तसे केले होते, पण एकूण हवा कमी होऊन कॉइलवर बर्फ धरू लागला.

प्रश्नकर्तीकडून

काका, आपण सांगितल्याप्रमाणे केले. बर्फ खरोखरच होता. तो वितळल्यानंतर रिटर्नला 27 आणि हॉलच्या जाळीपाशी 11 अंश, म्हणजे 16 अंशांचा फरक आला. दुसऱ्या मेकॅनिकला बोलावून कॉइल उघडून पाहिली, तेव्हा हवा आत येते त्या बाजूला नमद्यासारखा काळपट थर निघाला. देवघर रिटर्नच्या जाळीला लागूनच आहे. फिल्टरच्या डाव्या कडेला बोटभर फट होती, तिथे फोमची पट्टी लावली. कॉइल आणि ब्लोअर धुतल्यावर फरक 10 अंशांवर आला आणि गॅस न भरताच गेजचा दाब योग्य दिसला. दिवसभर चालवूनही हॉलचा वारा कमी झाला नाही. फक्त सासूबाईंच्या खोलीत अजून थोडा कमी येतो.

उत्तर (शहापूर, बेळगाव)

वाचून फार समाधान वाटले, ताई. एकाच खोलीत कमी येत असेल तर दोष यंत्रात नाही, त्या खोलीकडे जाणाऱ्या डक्टच्या (हवेच्या नळीच्या) फाट्यात किंवा हवा परतण्याच्या वाटेत आहे. फॉल्स सीलिंगवर दिव्यांचे किंवा वायरिंगचे काम झाले असेल तर लवचीक डक्ट पायाखाली चेपला गेला असेल, जोडावरून निसटला असेल किंवा उंदरांनी कुरतडला असेल. आधी तो पाहून घ्या. डक्ट ठीक निघाला तर खोलीचे दार उघडून आणि लावून, दोन्ही वेळा जाळीपुढे कागदाची पट्टी धरा. दार लावल्यावर पट्टी कमी हलत असेल, तर आत आलेल्या हवेला रिटर्नकडे परत जायला वाट नाही. अशा वेळी दाराखाली 20 ते 25 मिलिमीटर फट ठेवावी किंवा दारात जाळी बसवावी. आणि पुढच्या वेळी कॉइल धुताना पाण्याचा जोराचा फवारा मारू देऊ नका; ॲल्युमिनियमची पाती मऊ असतात, ती वाकली की फटी कायमच्या बुजतात.