बोट मांडव्याला आणि आम्ही नाशकात, बुडाला चिकटणारं बार्नेकल कसं थांबवायचं?

गोदाकाठचा_पम्या:
मंडळी, मी आणि मेहुणा मिळून एक छोटी फायबरची बोट घेतलीये, आउटबोर्डवाली (इंजिन मागे बाहेर लावलेलं), ती अलिबागजवळ मांडव्याला खाडीत नांगरून असते. दोघंही नाशकात, त्यामुळे महिना महिना जाणं होत नाही आणि गेलो की बुडाला हात कापेल असा थर, बार्नेकल (ते टणक कवचाचे चिकटून बसणारे समुद्री जीव), शेवाळ, मधेमधे कालवं पण. स्पीड येत नाही, पेट्रोल मात्र ढोसते. तिथला पोरगा पत्र्याने खरवडून देतो पण त्यात जेलकोटच, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, निघायला लागलाय. कुणी म्हणतं तांब्याचा पेंट मार, कुणी म्हणतं ऑइलपेंटात मिरचीपूड घाल 😅 खर्च करू पण एकदाच.

सातपूरचा_खलाशी:
मिरचीपूड मिसळीसाठी ठेव. आणि "एकदाच" विसर, हा पेंट कधी ना कधी संपतोच. पाण्यात काही तासांत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, मग बार्नेकलची पिल्लं जागा शोधत येतात आणि स्वतःच्या सिमेंटने कायमची चिकटतात, आपलं पाणी गरम त्यामुळे वर्षभर हाच धंदा. अँटिफाउलिंग, म्हणजे बुडाला काही चिकटू न देणाऱ्या पेंटमध्ये बहुतेक क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग असतं, ते हळूहळू सुटतं. दोन प्रकार, कडक आणि झिजणारा. झिजणारा बोट चालली की नीट झिजतो आणि तुमची तर उभीच असते, म्हणजे चांगला पेंट मारूनही वर बुळबुळीत थर बसणारच. तो महिन्यातून एकदा मऊ स्पंजने काढायला तिथल्याच कोणाला पैसे दे, कडक कवच व्हायच्या आत. जुना पेंट घासताना ओला करूनच घास, मास्क लाव, ती धूळ विषारी असते. खाली आधी इपॉक्सी प्रायमर. इंजिनाचा धातू गंजू नये म्हणून लावलेल्या झिंकच्या तुकड्यावर पेंट मारू नकोस, त्याचं कामच संपतं. जुना टिनवाला पेंट कुणी गुपचूप विकत असेल तर घेऊ नको, 2008 पासून जगभर बंदी आहे, शिंपल्यांची वाट लागली होती त्याने.

बॅकवॉटरवाला:
आमची गंगापूर धरणात असते, तिथे बार्नेकल नाहीच, नुसतं हिरवं शेवाळ. अॅल्युमिनियमची आहे. मग आम्हीपण तांब्याचा पेंट मारून टाकायचा का, कटकट मिटेल?

सातपूरचा_खलाशी:
अजिबात नको!! एक तर अॅल्युमिनियमला तांबं लागलं की खाऱ्या पाण्यात तर पत्राच खाऊन टाकतं, गोड्यात हळू पण धोका आहेच. आणि दुसरं म्हणजे गंगापूरचं पाणी नाशिक पितं राव. तुला ब्रश आणि साधं पाणी पुरे, साबणपण किनाऱ्यापासून लांब.

नागावचा_दर्यावर्दी:
खलाशीभाऊ बरोबर आहेत. आमच्याकडे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला बोट वाळूवर आणतात, ओहोटीला कोरडी पडली की बूड घासून घ्यायचं, पुढच्या भरतीला पुन्हा तरंगते. बार्नेकल ओलं असतानाच लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा, वाळलं की दगड होतं आणि त्याची चकती फायबरलाच राहते. इंजिन दरवेळी पूर्ण वर उचलून ठेवा, नाहीतर पंख्यावर आणि पाणी ओढायच्या जाळीत साठतं नि इंजिन तापतं. खाडीत वर जिथे पाणी गोडसर आहे तिथे ठेवता आली तर बार्नेकल कमी धरतं पण पावसाळ्यात तिकडच्या पाण्याचा ओढ बघा आधी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सगळे बोटी वर ओढतातच, तुम्हीपण ओढा, पण पेंट परत पाण्यात उतरवायच्या थोडं आधी मारा, काही कडक पेंट महिनोनमहिने कोरडे राहिले की त्यांचा जोर जातो.

गोदाकाठचा_पम्या:
मेहुणा म्हणतोय की मग पाण्यात ठेवायचीच कशाला, अंबडला फॅब्रिकेशनवाल्याकडून ट्रॉली बनवून घेऊ आणि वापरून झालं की वर.

सातपूरचा_खलाशी:
मेहुणा हुशार आहे तुझा. जी बोट कोरडी असते तिला काही चिकटत नाही, तुमच्यासारख्यांना पेंटपेक्षा हेच स्वस्त पडेल. फक्त ट्रॉली गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) घ्या, नुसता रंग मारलेली लोखंडी गंजून जाईल, आणि चाकाच्या बेअरिंगला प्रत्येक वेळी गोडं पाणी मारून ग्रीस. ट्रॉली आधी बोटीच्या बुडाचा आकार मापून बनवा, आणि तिकडे वर ठेवायला जागा कोणाची, भाडं किती, ते आधी विचारा.