१९९४ ची वर्ल्ड कप फायनल खरंच बॅजिओने घालवली का?

पाऊसवेडा:
मंडळी, रविवारी घरी जुन्या मॅचेसच्या क्लिप्स बघत बसलो होतो, भाचा पण होता बरोबर, वय वर्षं चौदा, फुटबॉलचा किडा. स्क्रीनवर रॉबर्टो बॅजिओ आला तर हा म्हणतो, "मामा, हा तोच ना पेनल्टी मिस केलेला?" एवढंच! १९९३ चा बॅलन डिओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, घेतलेला माणूस आणि पोराला त्याची ओळख काय तर आकाशात मारलेला बॉल. मी जरा चिडलोच. तर माझे थोरले बंधू आतून म्हणतात, "मग खोटं काय बोलला तो? इटलीचा वर्ल्ड कप त्यानेच घालवला." झालं, जेवणाच्या ताटावर भांडण. बंधू आणि मी दोघांनीही ती मॅच एकत्रच बघितलेली, आपल्याकडे रात्री एकला सुरू झाली होती, बाहेर जुलैचा धो धो पाऊस, आवाज एकदम बारीक ठेवलेला कारण आई उठली असती आणि सोमवारी शाळा. ब्राझील विरुद्ध इटली, ०-० अशी रटाळ मॅच, एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्ट्या, शेवटी बॅजिओ कमरेवर हात ठेवून मान खाली घालून उभा. ते चित्र कोण विसरणार.

माझा प्रश्न साधा आहे. एका खेळाडूवर फायनल हरल्याचं खापर फोडणं बरोबर आहे का? आणि या केसमध्ये तरी? भांडण मिटवायचंय, म्हणजे जिंकायचंय.

कट्ट्यावरचा_सेंटर_हाफ:
भांडण जिंकायला नुसतं गणित पुरेल बघा. दोन्हीकडून पाच-पाच पेनल्ट्या, क्रम लिहितो. इटलीची पहिली पेनल्टी बरेसीने मारली, वरून गेली. ब्राझीलच्या मार्सिओ सांतोसची इटलीचा गोलकीपर पाल्युकाने अडवली. अल्बर्टिनी गोल, रोमारिओ गोल (पोस्टला लागून आत), एवानी गोल, ब्रांको गोल, मग इटलीच्या मासारोची ब्राझीलचा गोलकीपर टाफारेलने अडवली आणि दुंगाने घातला. म्हणजे ब्राझील ३, इटली २ आणि आता पाचवी बॅजिओची. समजा त्याने घातली असती तर? ३-३. आणि ब्राझीलची पाचवी अजून बाकी होती, बेबेटो मारणार होता. बेबेटोने ती घातली असती की इटली हरलीच असती!

आता बंधूंना विचारा बरेसीने कुठे मारली आणि मासारोचं काय झालं. दहातल्या नऊ जणांना आठवत नाही. तीन जणांनी घालवल्या, नाव एकाचं. का, तर त्याची शेवटची होती.

उगाच_वाद:
आला बघा भक्तसंप्रदाय. गणित मलाही येतं. पण एक सांगा, हेच लोक दुसऱ्या धाग्यावर लिहितात की "बॅजिओने एकट्याने इटलीला फायनलला नेलं". म्हणजे जिंकताना एकटा आणि हरताना "फुटबॉल हा सांघिक खेळ आहे हो"? असं कसं चालेल? एक काहीतरी ठरवा.

दुसरं म्हणजे बरेसी हा डिफेंडर, तोसुद्धा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन-साडेतीन आठवड्यांत उभा राहिलेला. मासारोची किमान गोलात चालली होती, गोलकीपरने अडवली. बॅजिओ त्या वेळचा जगातला नंबर एक, पेनल्टी हे त्याचं रोजचं काम. त्याने बॉल टार्गेटवर तरी ठेवायचा. टाफारेल एका बाजूला झेपावला होता, मधोमध सरळ ढकलला असता तरी गोल. आणि सेमीफायनलला मांडी धरून बाहेर गेलेला माणूस, शंभर टक्के फिट नव्हता, मग "मी खेळतो" कशाला? शेंडी तुटो की पारंबी, असं करून उतरलास तर परिणामही घे ना अंगावर. (शेंडी त्याची होतीच म्हणा.)

नाममात्र:
उच्चार "बाज्जो" आहे. चालू द्या.

पाऊसवेडा:
@नाममात्र तीस वर्षं बॅजिओ म्हणतोय, आता बाज्जो म्हटलं तर भाऊ ओळखणार नाही कुणाबद्दल बोलतोय ते.
@उगाच_वाद तो एकट्याने वाला मुद्दा मात्र टोचला. याला उत्तर आहे का कुणाकडे?

लेफ्टी_नाशिककर:
आहे. ऑफिसात बसून लिहितोय त्यामुळे तुकड्यातुकड्यात येईल, सांभाळून घ्या.

ग्रुपमध्ये इटलीची काय दशा होती ते आधी आठवा. आयर्लंडकडून ०-१, नॉर्वेवर १-० आणि मेक्सिकोशी १-१. चारही टीम चार-चार पॉइंटवर, इटली तिसरी, कशीबशी आत आली. नॉर्वेच्या मॅचमध्ये पाल्युकाला रेड कार्ड, बदली गोलकीपर आणायला कोचने बाहेर कोणाला काढलं? बॅजिओला! विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला. त्याचा चेहरा बघा त्या क्लिपमध्ये, "हा माणूस वेडा झालाय का" असंच काहीतरी पुटपुटताना दिसतो.

मग नॉकआउट. नायजेरियाविरुद्ध इटली ०-१ ने मागे, झोलाला रेड कार्ड, दहा जण, ८८ वं मिनिट, लोकांचं सामान बांधून झालं असेल. बॅजिओचा गोल. एक्स्ट्रा टाइममध्ये परत त्याचाच, आणि तोही पेनल्टीवर, हे विशेष. स्पेनविरुद्ध १-१ असताना शेवटच्या दोन-तीन मिनिटांत विजयी गोल त्याचा. बल्गेरियाविरुद्ध सेमीफायनलला २-१, दोन्ही त्याचे. नॉकआउटमध्ये फायनलपर्यंत इटलीचे सहा गोल, त्यातले पाच याचे.

आता फरक बघा. नायजेरियाविरुद्ध तो गोल झाला नसता तर इटली त्या दिवशीच घरी, यात शंका नाही. म्हणजे "त्याने नेलं" हे तपासून बघता येतं. पण फायनलला त्याने ती पेनल्टी घातली असती तर इटली जिंकली असती का? वर दादांनी लिहिलंय तसं, अजून बेबेटो चुकायला हवा होता, मग सडन डेथ (एकेक पेनल्टी, फरक पडेपर्यंत), मग पुढचं पुढे. म्हणजे श्रेय द्यायला पुरावा आहे आणि दोष द्यायला नुसती शक्यता. दोन्ही एकाच तराजूत नाही येत हो.

अर्थात टार्गेटवर ठेवायला हवी होती, हे मान्य. ती वाईटच पेनल्टी होती. त्याने स्वतः नंतर सांगितलंय की टाफारेल झेपावतो हे माहीत होतं, म्हणून मधोमध पण जरा वर मारायची ठरवली, पायाला लागू नये म्हणून. प्लॅन बरोबर होता. बॉलच जास्त वर गेला.

दुपारची_झोप:
कोच साक्कीबद्दल कुणी बोलत नाहीये. सिग्नोरी! लागोपाठ दोन सीझन इटालियन लीगचा टॉप स्कोअरर असलेला माणूस, आणि फायनलला १२० मिनिटांत मैदानावर उतरलाच नाही. पुढे बॅजिओ एका पायावर आणि मासारो. कोस्टाकुर्ता आणि तासोत्ती सस्पेंड, त्याला इलाज नाही, पण हे तर हातात होतं ना.

आणि ऊन! मॅच तिथल्या साडेबाराला, भर दुपारी, कॅलिफोर्नियाच्या उन्हात, कारण युरोपात संध्याकाळी टीव्हीवर दिसायला हवी. वर इटलीच्या आधीच्या सगळ्या मॅचेस पूर्व किनाऱ्यावर, सेमीफायनल न्यू यॉर्कजवळ, तिथून आख्खा अमेरिका खंड ओलांडून पासाडेना. ब्राझीलची सेमीफायनल कुठे होती माहितीये? फायनलच्याच रोझ बोल स्टेडियमवर, इटलीच्या सेमीफायनलच्याच दिवशी. ते तिथेच बसून होते. हे निमित्त म्हणून नाही सांगत, ब्राझील चांगलीच टीम होती, आणि रोमारिओने एक्स्ट्रा टाइममध्ये समोरून एक घालवला नसता तर पेनल्ट्यांची वेळच आली नसती. पण मांडीचा स्नायू दुखावलेल्या माणसाने दोन तास त्या उन्हात पळून मग पाचवी पेनल्टी मारायची, हे लक्षात घ्या की.

उगाच_वाद:
उतरवलं तेव्हा नाही म्हणायचं मग. माझा मुद्दा तिथेच आहे.

दुपारची_झोप:
वर्ल्ड कप फायनलला "नाही" म्हणणारा माणूस दाखवा, मी त्याला चहा पाजतो.

पेठेतला_गोली:
आत्ता वाचला धागा. मी कोल्हापूरचा, त्यामुळं फुटबॉल म्हणजे आमच्याकडं घरातलं भांडण हाय. पेठेत तालमीची टीम हरली की दोन दिवस दुकानात उधारी मागायला पण कोण येत नाही.

तर आमची गोष्ट. नाव-गाव सांगत नाही, माणसं अजून इथंच हायत. खूप वर्षांपूर्वी आम्ही एका फायनलला पेनल्टीवर हरलो. शेवटची पेनल्टी एका पोरानं मारली, एकोणीस वर्षांचं पोरगं, बारवर आपटून बाहेर. गॅलरीतनं काय काय आलं सांगू नये. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला "बार" म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता त्याला दोन पोरं हायत, किराणा मालाचं दुकान हाय, आणि पेठेत अजून हाक मारतात, "ए बार, साखर हाय का?" तो पण हसतो. मी त्याच्या दुकानात जातो तेव्हा मला हसू येत नाही.

का येत नाही सांगतो. त्या दिवशी दुसरी पेनल्टी मी घालवलीती. गोली असून हौसेनं मारायला गेलो आणि त्यांच्या गोलीच्या हातात दिली, लहान पोराला लाडू द्यावा तशी. मला आजपर्यंत एकानंबी विचारलं नाही. जेवणाला बसलो की माझ्या सेव्हच्या गोष्टी निघतात, आणि त्याच्या बारच्या.

त्यामुळं बरेसीचं काय झालं हे विचारणाऱ्या भावाला माझा नमस्कार. मी बरेसी हाय.

लेफ्टी_नाशिककर:
काय लिहिलंयत राव.

कट्ट्यावरचा_सेंटर_हाफ:
पेठेतले गोली, __/\__

यावरून आठवलं, याच वर्ल्ड कपमध्ये, याच रोझ बोलवर २२ जूनला कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध ओन गोल (स्वतःच्याच गोलात बॉल) झाला होता. कोलंबिया बाहेर पडली, तो मायदेशी गेला आणि २ जुलैला मेडेयिनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. २७ वर्षांचा. फायनल व्हायच्या आधीच. आपण इथे बसून "घालवली" म्हणतो तेव्हा हे पण त्याच दुनियेतलं आहे.

आणि ब्राझीलवाल्यांनी तरी काय केलं? १९५० च्या वर्ल्ड कपला रिओच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेकडून १-२ हरले, ड्रॉ पुरेसा होता तरी. आपल्याच गोलकीपर बार्बोसाला उरुग्वेच्या घिज्जियाच्या त्या विजयी गोलासाठी मरेपर्यंत सोडलं नाही. २००० साली गेला तो.

उगाच_वाद:
एस्कोबारचं उदाहरण इथे आणणं अन्याय आहे, मी कुणाला गोळी घाला म्हटलेलं नाही. चूक ही चूक असते एवढंच म्हणतोय, तेवढं म्हणायचा हक्क प्रेक्षकाला आहे. पण ठीक आहे, "त्यानेच घालवली" ऐवजी "त्यानेही घालवली" एवढा बदल मला चालेल. पुढे सरकत नाही.

नाममात्र:
१९९८ ला फ्रान्सविरुद्ध क्वार्टर फायनलला परत पेनल्ट्या झाल्या, तेव्हा बाज्जोने पहिली मारली आणि घातली. शेवटची दि बियाजिओने बारवर मारली. इटली बाहेर. दि बियाजिओचं नाव इथे किती जणांना माहीत होतं, हात वर करा.

पाऊसवेडा:
मला नव्हतं.

अपडेट: आख्खा धागा बंधूंना वाचून दाखवला. "त्यानेही" वर तडजोड झाली, म्हणजे उगाच_वाद आणि आमचे बंधू एकच असावेत अशी मला दाट शंका आहे. बेबेटोचं त्यांना खरंच माहीत नव्हतं, तीस वर्षं समजत होते की बॅजिओने घातली असती तर कप इटलीचा. दोघांनी एकत्र बघितलेली मॅच! मग म्हणाले, मला तर वाटतं मी तेव्हा झोपलोच होतो रे, तूच उठवलंस शेवटच्या पेनल्टीला.

भाच्याला नायजेरियाची मॅच लावून दिलीये. ८८ व्या मिनिटाला आतून ओरडला.