शब्दचर्चा: ‘टॉलरन्स’ला ‘सहनशीलता’ म्हणावं का?

कोरा कागद:
व्यसनमुक्तीसाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही ओपिऑइड (मॉर्फीनच्या जातीची) औषधं चालू असलेल्यांसाठी ऑपरेशननंतरच्या दुखण्याचं माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘टॉलरन्स’साठी, म्हणजे सवयीने औषधाचा परिणाम कमी होतो त्यासाठी, ‘यांची सहनशीलता वाढलेली असते’ हे वाक्य चालेल?

भूलवाली:
नको हो! नर्सला वाटेल याला दुखणं सोसतं, इंजेक्शन उशिरा दिलं तरी चालेल. सोसतं ते औषध, दुखणं नव्हे. उलट बरीच वर्षं ओपिऑइड घेतलेल्यांना वेदना जास्तच जाणवू शकते. आणि त्याने जास्त डोस मागितला की वॉर्डात कुजबूज, ‘नशेसाठी मागतोय’.

आजोळ:
‘त्याला दारू पचते’ म्हणतो ना आपण? तसंच, ‘औषध पचायला लागलंय, नेहमीच्या डोसने भागत नाही’.

कोरा कागद:
झकास. ‘डिपेन्डन्स’ला ‘व्यसन’ लिहिलंय.

भूलवाली:
खोडा. कॅन्सरसाठी मॉर्फीन घेणाऱ्या आजीचं शरीरही त्याला सरावतं. एकदम थांबवलं तर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा. म्हणून ती काय व्यसनी? ‘शरीराला सवय झालेली’ लिहा.

आणि ठळक अक्षरात: रोजची गोळी आपल्या मनाने बंद करून ऑपरेशनला येऊ नका. ब्युप्रेनॉर्फिन पूर्वी ऑपरेशनआधी थांबवायचे, आता बहुधा चालूच ठेवतात. मात्र रोजच्या गोळीत ऑपरेशनचं दुखणं भागत नाही. मेथाडोनचा एक डोस अंगाची तगमग दिवसभर रोखतो, वेदना जेमतेम ६ ते ८ तास. त्यामुळे वरून पॅरासिटॅमॉल, नस बधिर करणं, कधी केटामिन हे भुलीचं औषध, असं चहूकडून द्यावं लागतं.

आजोळ:
त्या जांभया-मुरड्याला ‘तलफ’ म्हणू नका हं. तलफ चहाचीही येते. गर्दुल्ल्यांच्या बोलीत त्याला ‘टर्की’ म्हणतात, इंग्रजी ‘कोल्ड टर्की’तली. थंडी गेली, टर्की राहिली.

कोरा कागद:
सरकारी पत्रकात टर्की? साहेब उडवतील. ‘औषध तुटल्याचा त्रास’ लिहितो. आणि ओपिऑइडना ‘अफूजन्य औषधं’, एवढं तरी बरोबर ना?

भूलवाली:
मॉर्फीनपुरतं. मेथाडोन, फेंटानिल पूर्ण कारखान्यातली, अफूचं बोंड त्यांनी पाहिलेलंही नाही. ‘अफूसारखी औषधं’ करा.

आजोळ:
‘अफू’ तरी कुठे आपली! ग्रीक ‘ओपिओन’, अरबीत ‘अफ्यून’, मग आपल्याकडे. संस्कृतवाल्यांनी त्याचं ‘अहिफेन’ केलं, म्हणजे सापाचा फेस!