पिएरोगी पाण्यात फुटतात, आणि नाही फुटले तरी सुनेला समोसा वाटतो!

करवीरकाकू

मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण पाल्हाळ लावल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. तेवढं चालवून घ्या.

आमची सून पोलंडची, क्राकूफची. जूनपासून दोघं कोल्हापुरात आमच्याकडेच आहेत. पोरगी गुणी. तांबडा-पांढरा दोन्ही रस्से पिते, पांढरा जरा जास्तच. पण गेल्या पंधरवड्यात तिला ताप आला आणि तोंडाची चवच गेली. मऊ भात केला, मुगाची खिचडी केली, मेतकूट-तूप वाढलं. दोन घास खायची की ताट बाजूला. एका रात्री आईशी फोनवर बोलताना रडत होती. मला पोलिश कळत नाही, पण 'पिएरोगी' हा शब्द चारदा ऐकला.

सकाळी मुलाला खोदून विचारलं. म्हणाला, "अगं, उकडलेल्या करंज्या. आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी, वर परतलेला कांदा." म्हटलं, एवढंच? चाळीस वर्षं दिवाळीच्या करंज्या करतेय, हे काय अवघड!

मैदा घेतला, पुरीला भिजवतो तसा गार पाण्यात घट्ट भिजवला. पातळ लाटला, वाटीने गोल पाडले, सारण सढळ हाताने भरलं. चोवीस झाले. उकळत्या पाण्यात सोडले आणि बघता बघता सोळांनी तोंडं उघडली. पातेल्यात बटाट्याची कढी झाली. (मुलगा ती मीठ-मिरपूड घालून प्यायला. त्याचं सोडा, तो काहीही पितो.)

उरले आठ. आता कबूल करते, सारणात मी आलं, हिरवी मिरची, जिरं आणि कोथिंबीर घातली होती. नुसता बटाटा माणसाला कसा वाढायचा? सुनेने दोन खाल्ले, हसली आणि म्हणाली, "आई, छान आहे. उकडलेला समोसा ना?"

त्या दिवसापासून झोप नाही मला. तर सांगा:
कडा का सुटतात?
पनीर घातलं ते रबरासारखं लागलं, तिकडचं पनीर वेगळं असतं का?
आणि खरंच नुसती मिरपूडच घालतात?

नीरफणस

काकू, पोलंड मी नकाशातच बघितलंय, पण मोदकांवर हात बसलाय म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं बोलते.

गार पाण्याचा मैदा लाटला की परत आक्रसतो. तुम्ही ओढून ओढून कडा जुळवली असणार. बाहेरून मिटलेली दिसते, पण ताणावर असते, आणि गरम पाण्यात पडली की सुटते. उकडीला आपण उकळतं पाणी का घालतो? तांदळाच्या पिठाला स्वतःचा चिवटपणा नसतो, उकड काढली तरच पारी वळते. मैद्याचं उलटं आहे. त्याला चिवटपणा जास्त, तो गरम पाण्याने मोडतो. मी मोमोंसाठी गरम पाण्यातच भिजवते. बोटाला चटका बसेल इतकं गरम, चमच्याने कालवायचं, मग मळायचं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. मग पारी लाटली तिथेच राहते, परत गोळा होत नाही.

दुसरं, कडेला सारणाचं बोट लागलं की संपलं. बटाट्याचा एक कण किंवा तुपाचा ओशटपणा असला तरी ती जागा चिकटत नाही. सारणाचे आधीच सुपारीएवढे गोळे करून ठेवा आणि भरताना चमचा वापरूच नका. लाटताना पिठीही कमी. आणि सढळ हात मोदकात खोबऱ्याला चालतो, इथे नको.

मु_पो_व्रोत्सवाफ

काकू, नमस्कार. अकरा वर्षं इथे पोलंडात आहे, पहिला हिवाळा पिएरोगींवरच काढला. इथे 'बार म्लेच्नी' नावाच्या खानावळी असतात, शब्दशः 'दूध बार'. सरकारी अनुदानामुळे स्वस्त. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, खिडकीतून बाई ताट सरकवते. हसत नाही. मला तिथेच घरचं वाटायला लागलं.

तुम्ही म्हणताय ते 'पिएरोगी रुस्कीए'. नावावरून रशियन वाटतं, पण रशियाशी संबंध नाही. रुस म्हणजे जुना रुथेनियाचा मुलूख, आजचा पश्चिम युक्रेन. 1945 नंतर सरहद्दी सरकल्या तेव्हा ल्वूफकडची, म्हणजे आजच्या ल्विवकडची, पुष्कळ पोलिश माणसं उठून आमच्या या व्रोत्सवाफमध्ये आली. त्यांच्याबरोबर हे इकडे रुजले. 2022 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर काही हॉटेलांनी पाटीवर 'युक्रेनी पिएरोगी' लिहायला सुरुवात केली.

आता पनीर. त्याला इथे 'त्फारुग' म्हणतात आणि तुमचं सगळं अडलंय ते तिथे. पनीर हे गोड दूध उकळवून, लिंबू पिळून फाडलेलं. त्फारुग आंबलेल्या दुधाचं. आधी दही, मग ते मंद तापवून फाडायचं. म्हणून ते आंबट, भुसभुशीत, दाताखाली किंचित रवाळ. पनीर घातलं की पिएरोगी बेचव लागतो, आणि मग आपला हात मिरचीकडे जातो. मिरची हा आजार नाही काकू, आंबटपणाची कमतरता हा आजार आहे.

घरी असं करा. दोन लिटर म्हशीचं दूध, विरजण लावून चांगलं आंबट होऊ द्या. जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आचेवर ठेवा. ढवळायचं नाही. फार तर सुरीने चार उभ्या-आडव्या चिरा द्या. बोट घालून सोसवेल एवढंच गरम, उकळी अजिबात नको, नाहीतर पुन्हा रबर. अर्ध्या-पाऊण तासात हिरवट पाणी सुटतं. फडक्यात बांधून चार तास टांगा. चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी मिळतं, तेच ते. एवढा वेळ नसेल तर ताजं पनीर हाताने कुस्करून त्यात आंबट चक्का मिसळा, पाव किलोला तीन चमचे. नुसता चक्का नको, सारण सैल होतं.

प्रमाण: अर्धा किलो बटाटा, पाव किलो त्फारुग, दोन मोठे कांदे. बटाटा जुना घ्या, नवा चिकट होतो. कुकरमध्ये पाण्यात बुडवू नका. उकडल्यावर सोलून, कोरड्या कढईत दोन मिनिटं परतून वाफ जाऊ द्या. गरम असतानाच किसा, पण त्फारुग गार झाल्यावर घाला. कांदा बारीक चिरून लोण्यात, मंद आचेवर, तपकिरी होईपर्यंत. वीस मिनिटं लागतात, घाई केली तर कडू होतो. अर्धा सारणात, अर्धा वर घालायला. मीठ आणि काळी मिरी. मिरी भरपूर, लाजू नका, एक चमचा भरडलेली. बस.

उकळताना मोठं पातेलं, मीठ घातलेलं पाणी, एका वेळी दहाच. पाणी खदखदायला नको. टाकल्यावर लाकडी उलथन्याने एकदा तळातून हलवायचे, वर तरंगले की अजून दोन-तीन मिनिटं. झाऱ्याने काढा आणि लगेच लोण्यात घोळवा, नाहीतर एकमेकांना चिकटून बसतील.

आणि ताप उतरला की एक करा. उकडलेले छोटे बटाटे, लोणी, वर बारीक चिरलेला शेपू, सोबत पेलाभर गार आंबट ताक. इथल्या उन्हाळ्यातलं रोजचं जेवण आहे हे.

चटपटीत

बाकी सगळं ठीक, पण अर्धा चमचा गरम मसाला आणि थोडं आमचूर घातलं तर काय आभाळ कोसळेल? आंबटपणाही येईल.

करवीरकाकू

@चटपटीत, आभाळ नाही कोसळणार, समोसा होईल. तो मी एकदा करून बसलेय.

@व्रोत्सवाफ, दादा, शेपू? माझ्या मुलाने लहानपणापासून शेपूचं ताट ढकललंय आणि बायको आणली ती शेपूवर जगणाऱ्या मुलखातली. देव बघतो सगळं.

वळिवडेकर

काकू, विषयाला थोडा फाटा. तुम्ही कोल्हापूरच्या म्हणून लिहितो. सूनबाईंना कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याचं सांगितलंत का? 1943 ते 1948 तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी कुटुंबं आली, ते आताचं गांधीनगर. महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांचा स्मारकस्तंभ आहे. आमच्या आजोबांचा तिकडे दुधाचा रतीब होता, एवढंच घरात ऐकलेलं. म्हणजे पंचगंगेच्या काठच्या म्हशींचं दूध पोलिश पोटांना नवं नाही.

करवीरकाकू

आठ दिवसांनी आलेय, मंडळी. माफ करा, घरात पाहुणे होते.

दही मंगळवारी लावलं. पाऊस लागून होता, म्हणून आंबायला दीड दिवस गेला. तापवताना मन मानेना, दोनदा ढवळायला हात गेला, पण धरला. फडकं बेसिनच्या नळाला टांगलं. सकाळी उघडलं तर पांढरं, भुसभुशीत, बोटाने दाबलं की मोडणारं. सून पाणी प्यायला आली होती. तिने चिमूटभर तोंडात टाकलं आणि तिथेच उभी राहिली. मग फडक्यातून अजून एक चिमूट घेतली. मी काही बोलले नाही.

पीठ गरम पाण्याने भिजवलं, अर्धा किलो मैद्याला साधारण पाव लिटर, वर दोन चमचे तेल. नीरफणसताई, तुमचं अगदी खरं. लाटलेली पोळी ओट्यावर निपचित पडून राहिली. मी वाटी घेतली तर सून म्हणाली, काचेचा पेला हवा. तिच्या घरी पेल्यानेच पाडतात म्हणे. पेला घेऊन ती स्टुलावर बसली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा तासभर बसून राहिली.

आता मुरडीचं सांगते, कारण मला तेच बघायचं होतं. ती चकती तळहातावर घेते, गोळा मधे ठेवते आणि आधी मधला एकच बिंदू मिटवते. मग तिथून दोन्ही बाजूंना जाते, कडा दाबत, आतली हवा बाहेर सारत. हवा राहिली की पाण्यात फुगतो आणि फुटतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पूर्ण मिटला की मग कडेला मुरड. मी करंजीला घालते तीच, हुबेहूब. फक्त ती डावखुरी आहे, तिची मुरड उलटी पडते. ताटात ठेवल्यावर कुठले माझे आणि कुठले तिचे ते लगेच कळत होतं.

एकतीस झाले. फुटला एक, तोही माझा.

सारणात मिरपूड आणि मीठच. चाखताना जीभ मिरची मागत होती, पण कांदा वीस मिनिटं परतल्यावर त्याला जो गोडवा येतो आणि त्याच्याखाली ती आंबट चव, तेव्हा कळलं की मिरचीला तिथे जागाच नाही. सुनेने अकरा खाल्ले. मोजले मी, नजर लागू नये म्हणून बोलले नाही. सासरे म्हणाले, "बरं आहे, पण कांदा-लसणीची चटणी कुठाय?" त्यांना वेगळी वाटी दिली. मुलानेही हळूच तीच वाटी ओढली. बायको बघत होती, तिने काही म्हटलं नाही.

उरलेले सात दुसऱ्या दिवशी लोण्यावर खरपूस परतले. माझं मत विचाराल तर ते पहिल्या दिवसापेक्षा सरस.

महावीर उद्यानात रविवारी जाऊन आलो. सून स्तंभापाशी बराच वेळ होती. येताना पावसात भिजलो आणि गाडीत तिने मला एका सूपचं सांगितलं. 'झुरेक'. पीठ पाण्यात कालवून चार-पाच दिवस आंबवायचं, मग त्याचं आंबट सूप, वर उकडलेलं अंडं. म्हटलं, बाई, ही तर अंबील! आम्ही ज्वारीची करतो, ताक घालून. ती म्हणाली, आमची राईची.

म्हणून काल बाजारात गेले आणि दुकानदाराला म्हटलं, अर्धा किलो राईचं पीठ द्या. त्याने लोणच्याची मोहरीची डाळ बांधून दिली. घरी आल्यावर मुलगा हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. झुरेकला हवं होतं ते 'राय' नावाचं धान्य, गव्हासारखं.

तर पुढचा प्रश्न: हे राय इकडे कुठे मिळतं? आणि अर्धा किलो मोहरीच्या डाळीचं काय करू, कैऱ्यांचा मोसम तर गेला.